एका साच्याच्या अनेक गाड्या : प्रस्तावना

एकाच साच्यातून निघालेल्या दोन खेळण्यातल्या गाड्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि त्या वेगळ्या कशा आहेत ते सांगायचे. या अभ्यासाची पहिली परीक्षा एवढीच आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात एखाद्या भंगाराच्या दुकानात बसून कुणी हे करू लागले की दुकानदार म्हणतो, "याच्यात काय पायता भाऊ, दोन्ही त सारख्याच हायेत." त्याचे म्हणणे बरोबरच आहे. त्या सारख्याच व्हाव्यात अशी कारखान्याचीही इच्छा होती. तरी एकीची चाके राखाडी झाली आणि दुसरीची काळी; एकीच्या तळावर नाव उमटले आणि दुसरीच्या तळावर नावाच्या जागी घासल्याच्या रेघा राहिल्या. हे का झाले, कुठे झाले, यातले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, याचा शोध म्हणजे डाय-कास्ट गाड्यांच्या भेदांचा अभ्यास. संग्राहक त्याला 'व्हेरिएशन' म्हणतात. या वाटेवर नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत करावे आणि पुढे काय काय लागेल ते आधीच सांगून ठेवावे, यासाठी ही प्रस्तावना.

सारखेपणाचा हेतू हा या साऱ्याचा पाया आहे. वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि लेकरे चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढत नेतात. सुताराने घडवलेल्या त्या बैलांची शिंगे, वशिंड, मानेचा बाक प्रत्येकात निराळा. पण त्या निराळेपणाला भेद म्हणता येत नाही. ज्याच्यापासून तो ढळला असा मूळ बैलच नसतो. सुतार दर वेळी नवा बैल करतो. डाय-कास्ट गाडीत मात्र पोलादाचा साचा आधी कोरला जातो आणि तो इतका महाग पडतो की त्यातून हजारोंनी गाड्या काढल्याशिवाय खर्च निघत नाही. त्यात वर्षे जातात. मधेच रंग संपतो, चाके पुरवणारा बदलतो, साच्याचा एखादा कोपरा झिजतो, कुणी तो घासून नीट करतो, मालक बदलतो, कधी अख्खा साचाच देश बदलतो. यातली प्रत्येक घटना गाडीवर आपली खूण ठेवून जाते. अशा कारखान्याचा इतिहास सांगणारा पहिला कागद म्हणजे ती गाडीच, आणि तो वाचायचा तर भेदांवाटेच वाचावा लागतो. हा अभ्यास छंदापेक्षा मोठा आहे असे मला वाटते, ते यासाठी.

वाचायचे म्हणजे आधी गाडी कशी बनते ते ठाऊक हवे. धातू मुख्यतः जस्त. त्यात शेकडा चारच्या आसपास अॅल्युमिनियम आणि थोडेसे इतर धातू. इंग्लंडात याला मॅझॅक म्हणत, अमेरिकेत झॅमॅक. हा मिश्रधातू ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, त्यामुळे पोलादाच्या साच्याला फारसा त्रास होत नाही आणि साचा दीर्घकाळ टिकतो. वितळलेला धातू दाबाने दोन भागांच्या साच्यात शिरतो, काही क्षणांत घट्ट होतो, साचा उघडतो, गाडीचे सांगाडे बाहेर पडतात. दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक शिवण राहते आणि फटीतून आलेला धातूचा पातळ पापुद्रा काढून टाकावा लागतो. मग रंग. मग आतून काचेचे आणि आसनांचे प्लॅस्टिक बसते, तळ लागतो, रिव्हेटचे डोके दाबून पसरवले जाते. चाके आणि आस लावण्याची पद्धत कारखान्यागणिक वेगळी. ही साखळी डोळ्यांपुढे असली की हातातल्या गाडीतला फरक कोणत्या टप्प्यावर घडला ते सांगता येते. शिवणीजवळ धातूचा फुगवटा दिसला तर साचा झिजू लागला होता. दरवाजाची रेघ एका गाडीत ठसठशीत आणि दुसरीत पुसट असेल तर पुसट गाडी बहुधा उशिराची. रिव्हेटच्या डोक्यावर रंग चढलेला असेल तर मूळ रंग काढून कुणीतरी पुन्हा दिलेला असण्याचा संशय घ्यावा, कारण बहुतेक कारखान्यांत रंग आधी आणि रिव्हेट नंतर.

भेदांचा अभ्यास जगात आधी रुजला तो इंग्लंडच्या गाड्यांवर. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या मेकॅनो कारखान्याने १९३४ मध्ये डिंकी टॉइज हे नाव आणले. लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ मध्ये काडेपेटीएवढ्या खोक्यात बसणाऱ्या मॅचबॉक्स गाड्या सुरू केल्या. १९५६ मध्ये मेटॉय कंपनीच्या कॉर्गी गाड्या आल्या त्या खिडक्यांना काचा घेऊनच. या तिन्ही नावांचे भेद आज नंबरवार लावलेले आहेत. मॅचबॉक्सच्या जुन्या गाड्यांत धातूची चाके, मग राखाडी प्लॅस्टिकची, मग काळी असा ढोबळ क्रम लागतो. १९६८ मध्ये अमेरिकेत मॅटेलने हॉट व्हील्स आणल्या. त्यांची बारीक आस आणि कमी घर्षणाची चाके इतकी भरधाव पळत की लेस्नीला दुसऱ्याच वर्षी आपल्या गाड्यांना 'सुपरफास्ट' चाके लावावी लागली. त्या वेळची काही कास्टिंग, म्हणजे एकेका साच्याच्या गाड्या, दोन्ही रूपांत सापडतात : जुन्या चाकांची आणि नव्या चाकांची, नवी चाके मावावीत म्हणून चाकांवरच्या कमानी थोड्या बदललेली. कॅलिफोर्नियात झालेल्या एका निर्णयाची खूण लंडनच्या गाडीच्या कमानीवर सापडते. मॅचबॉक्सच्या १३ क्रमांकाच्या बीपी डॉज टोचन गाडीची केबिन पिवळी आणि मागचा भाग हिरवा असतो. काही थोड्या गाड्यांत हे रंग उलटे झाले, हिरवी केबिन आणि पिवळा मागचा भाग. ती उलटी गाडी जगभरचे संग्राहक शोधत असतात.

आपल्याकडची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते जास्त रंजक. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५७ च्या परकीय चलनाच्या तंगीनंतर, परदेशी खेळणी आयात करणे फार अवघड झाले. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधने पूर्ण उठायला २००१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात परदेशी गाडी भारतातल्या मुलाच्या हाती येण्याचा एक मार्ग उरला : गाडीऐवजी तिचा साचाच भारतात यायचा. रस्त्यावरच्या मोठ्या गाड्यांचेही तेच झाले होते. मॉरिस ऑक्सफर्ड इंग्लंडहून कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला आली आणि हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर झाली. फियाट ११०० इटलीहून मुंबईच्या कुर्ल्याला आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मोठ्या गाड्यांचे भेद ओळखणे आपल्या लोकांना नवे नाही. अॅम्बेसेडर चालवलेल्या जुन्या ड्रायव्हरला विचारा, पुढच्या जाळीवरून तो मार्क टू आणि मार्क थ्री दुरूनच सांगेल. मार्क टू १९६२ ची, मार्क थ्री १९७५ ची, मार्क फोर १९७९ ची. बांधा तोच, चेहरा बदललेला. त्या ड्रायव्हरजवळ जी नजर आहे तीच आपल्याला दहा सेंटिमीटरच्या गाडीवर वापरायची आहे.

कलकत्त्याच्या एस. कुमार अँड कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे साचे वापरून गाड्या काढायला सुरुवात केली. अटॅम्को हे नावही या मालाशी जोडलेले आहे. गाड्यांचे नाव निकी टॉइज. जग्वार ई-टाइप, मर्सिडीज २२० एसई अशा, वऱ्हाडातल्या रस्त्यावर त्या काळी कधी न दिसणाऱ्या गाड्या त्यात होत्या. एका गाडीचे मात्र इथल्या रस्त्याशी खरे नाते होते. डिंकीची अॅटलस मिनीबस निकीमध्ये 'स्टँडर्ड २०' म्हणून आली, आणि स्टँडर्ड २० ही व्हॅन मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स खरोखर बनवत होती. कलकत्त्यातच मिल्टन आणि मॅक्सवेल ही नावेही होती. मिल्टनच्या काही गाड्या पाहताक्षणी कॉर्गीची आठवण होते.

निकीची गाडी हाती आली की ती आधी उलटी करा. नवख्याला मी पहिला धडा हाच देतो. वरून पाहिली की लक्ष रंगाकडे जाते, आणि रंग हा साक्षीदार फार भरवशाचा नाही. तो उन्हाने उडतो, हातांनी झिजतो, नव्याने देता येतो. तळ सहसा कुणी बदलत नाही. निकीच्या काही गाड्यांच्या तळावर डिंकीचे नाव घासून काढलेले दिसते आणि तिरप्या उजेडात धरले तर जुन्या अक्षरांचे अवशेष वाचता येतात. साचा कुणाचा होता, तो कुणाकडे गेला आणि नव्या मालकाने जुन्या मालकाचे नाव किती काळजीने पुसले, हे सारे त्या दोन बोटांच्या जागेत लिहिलेले असते.

महाराष्ट्राला अशा खुणा वाचण्याची जुनी सवय आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली. नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. कोणी कोणाला जिंकले याचा तो धातूतला पुरावा ठरला. निकीच्या तळाला मी त्याच नजरेने पाहतो. इथे राज्य जिंकले गेले नाही, व्यवहार झाला. पण जुन्या नावावर नवे नाव चढले आणि जुने पुरते पुसले गेले नाही, ही गोष्ट दोन्हीकडे एकच आहे. आधीचे काय आणि नंतरचे काय, हे ठरवण्याची रीतही दोन्हीकडे एकच.

आता अकोल्याचे. नकाशावर कलकत्ता आणि मुंबई यांना जोडणारी रेल्वेची रेघ पाहा. भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला आणि अकोला त्यावर आले. पुढे हाच मुंबई–नागपूर–हावडा मार्ग झाला. भारतातल्या डाय-कास्ट गाड्यांची दोन मोठी घरे याच मार्गाच्या दोन टोकांना. कलकत्त्याला निकी, मिल्टन, मॅक्सवेल. मुंबईला पुढे लिओ, तिची गोष्ट नंतर येईल. अॅम्बेसेडरही या मार्गाच्या एका टोकाची आणि पद्मिनी दुसऱ्या टोकाची. कापसाच्या व्यापारामुळे अकोल्याचा या दोन्ही शहरांशी संबंध होता, आणि नोकरीनिमित्त बाहेर गेलेला मामा किंवा काका सुट्टीत येताना लेकरांसाठी काहीतरी घेऊन येई. जुन्या शहरात विचारत फिरले की दोन्ही टोकांच्या आठवणी ऐकू येतात.

मोर्णा नदीच्या पश्चिमेचे हे जुने शहर, असदगडाच्या पडक्या तटाच्या आणि राजराजेश्वर मंदिराच्या आसपास वाढलेले. हरिहर पेठ, पोळा चौक, जयहिंद चौक, डाबकी रोड. इथे धाब्याची जुनी घरे आहेत, त्यांचे माळे आहेत, माळ्यावर पत्र्याच्या पेट्या आहेत. पेट्यांतल्या गाड्या मुलांनी मनसोक्त खेळलेल्या असतात. खोका बहुधा नसतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या तापाने प्लॅस्टिकच्या काचा वाकतात. पावसाळ्यात मोर्णेचे पाणी खालच्या मजल्यात शिरले की पुठ्ठ्याचा खोका आधी जातो. परदेशी किमतींच्या पुस्तकांत अशा गाडीला किंमत जवळजवळ नसते. तिथे सारे मोल खोक्यातल्या, हात न लागलेल्या गाडीचे.

मला हे पटत नाही आणि वाचकालाही पटू नये असे वाटते. कारण आपल्याच जिल्ह्यात याचे उत्तर आहे. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. तो तालुका आता वाशिम जिल्ह्यात आहे. नाणी पोटीनची, म्हणजे हलक्या मिश्रधातूची, दिसायला ओबडधोबड. सराफाने त्यांना विचारले नसते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती अक्षर अक्षर लावून वाचली आणि पुराणांच्या वंशावळीत नसलेल्या राजांची नावे त्यांतून पुढे आली : कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी. एकेक नाणे सुटे बाजारात गेले असते तर ती कदाचित विचित्र चुका म्हणून बाजूला पडली असती. ती एकत्र सापडली, कुठे सापडली हे ठाऊक होते, आणि त्यांतल्या बारीक फरकांकडे एका माणसाने लक्ष दिले, म्हणून राजवंशाची यादी बदलली.

खेळण्यातल्या गाडीचेही असेच आहे. खोक्यातली कोरी गाडी लिलावातून लिलावात फिरत असते. ती मूळ कोणत्या गावी विकली गेली याचा माग बहुतेक वेळा तुटलेला असतो. जुन्या शहरातल्या पेटीतली मोडकी निकी मात्र सांगू शकते की ती याच घरात, अमुक वर्षाच्या आसपास, अमुक ठिकाणाहून आली. त्याच पेटीत दुसऱ्या तीन गाड्या असतील तर चौघी मिळून एक पुरावा होतात. एका घरातल्या एका पिढीच्या गाड्या एकत्र नोंदल्या की कोणती चाके कोणत्या वर्षांच्या आसपास बाजारात होती याचा अंदाज बांधता येतो. अशी दहा घरे झाली की अंदाजाला बळ येते. म्हणून पेटी फोडू नका. म्हणजे चार गाड्यांतली एकच चांगली म्हणून उचलून नेऊ नका. चारही विकत घेणे जमत नसेल तर चारही लिहून घ्या, फोटो काढा, आणि त्या घरातच राहू द्या.

मुंबईच्या टोकाची गोष्ट १९८० च्या दशकातली. व्हीआयपी बॅगा बनवणाऱ्या ब्लो प्लास्टने 'लिओ' या नावाने खेळणी काढली आणि मॅटेलशी जुळवून घेऊन हॉट व्हील्स भारतात आणल्या. संग्राहक त्यांना लिओ मॅटेल म्हणतात. त्या पिढीला लिओचे ही-मॅनचे पुतळेही आठवत असतील. हॉट व्हील्सचे साचे आधीच हाँगकाँग, मलेशिया, मेक्सिको, फ्रान्स असे फिरलेले होते. तळावर देशाचे नाव बदलत गेले आणि 'मेड इन इंडिया' हा त्यातला एक मुक्काम. पण भारतातल्या गाड्यांनी जे केले ते इतरत्र सहसा दिसत नाही. एकच कास्टिंग इतक्या रंगांत आणि इतक्या वेगवेगळ्या छपाईने निघाले की पूर्ण यादी करायला बसलेला माणूस थकून जातो. एका गाडीची पट्टी दुसरीवर, काचेचा रंग कधी हा कधी तो. परदेशी संग्राहक याला भारतीय गोंधळ म्हणून हसतात आणि त्याच गाड्यांसाठी भरपूर पैसेही मोजतात. त्या हसण्यात एक मोठी चूक आहे. रंग बदलला म्हणजे हातात जो रंग होता तो वापरून काम चालू ठेवले गेले. छपाई बदलली म्हणजे कुणीतरी बसून ठरवले की या गाडीवर ती पट्टीही शोभेल. टंचाईच्या काळात काम करणाऱ्या माणसांचे हे निर्णय आहेत, आणि ते आदराने, क्रमाने, एकेक करून वाचायला हवेत. लिओच्या भेदांची मराठीत नीट लावलेली सूची ही या विषयातली सध्याची सर्वांत मोठी गरज आहे असे मी मानतो.

आता सावधगिरीच्या काही गोष्टी. प्रत्येक फरक म्हणजे भेद नव्हे. उन्हात उडालेला लाल रंग नारिंगी दिसू लागतो. गाडीच्या आतल्या बाजूचा, उजेड न लागलेला रंग पाहिला की शंका फिटते. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी मिसळली असेल तर धातू आतून कुजतो, फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. युद्धापूर्वीच्या डिंकीत हे फार आढळते, आणि दमट उष्णता त्याला हातभार लावते. अशा फुगलेल्या गाडीचे माप घेऊन 'वेगळा साचा' असे कुणी जाहीर करू नये. उलट मापावरूनच एक फार उपयोगी गोष्ट कळते. एखाद्याने मूळ साचा न मिळवता, तयार गाडीवरूनच नवा साचा केला तर धातू थंड होताना आक्रसतो आणि नक्कल मुळापेक्षा किंचित आखूड निघते; जस्ताच्या मिश्रधातूत शेकड्याला अर्ध्याहून थोडी जास्त. दहा सेंटिमीटरच्या गाडीत हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातो आणि साध्या व्हर्नियर कॅलिपरने पकडता येतो. कलकत्त्याच्या गाड्यांत मूळ साच्याच्या कोणत्या आणि नकलेच्या कोणत्या, या वादाचा पुष्कळसा भाग कॅलिपर मिटवू शकतो. माप मात्र त्याच दोन बिंदूंमध्ये, निदान तीन गाड्यांवर घ्या.

खोटे भेदही बनवले जातात. दुर्मीळ रंग नव्याने दिला जातो, रिव्हेट भोक पाडून काढले जाते आणि दुसऱ्या गाडीचा तळ बसवला जातो. रिव्हेटचे डोके भिंगाखाली पाहण्याची सवय यासाठी लावून घ्यावी. संग्राहकांनी यावर एक सोपी वर्गवारी रूढ केली आहे : कारखान्यातच घडलेला बदल तो कोड १, कारखान्याच्या परवानगीने बाहेर केलेला तो कोड २, आणि परवानगीशिवाय केलेला तो कोड ३. कोड ३ ची गाडी कोड १ म्हणून विकणे ही फसवणूक आहे आणि तिला तेच नाव द्यावे.

पण कोड ३ मध्ये एक पोटवर्ग असा आहे की जो माझ्या मते वेगळा नोंदलाच पाहिजे. चाक निघाले म्हणून सायकलच्या स्पोकची आस घातलेली गाडी. रंग उडाला म्हणून घरातल्या नेलपॉलिशने रंगवलेली गाडी. पांढरा ऑइलपेंट देऊन वर लाल अधिकचिन्ह काढून रुग्णवाहिका केलेली मिनीबस. किमतीच्या पुस्तकात या गाड्या 'खराब' या एका शब्दात संपतात. आपल्या नोंदवहीत त्यांना जागा हवी, कारण खेळणे पुन्हा विकत घेणे शक्य नव्हते तेव्हा घराने ते कसे जगवले, हे इतके स्पष्ट दुसरीकडे कुठे लिहिलेले सापडणार? त्यांना दुरुस्त करून 'मूळ' रूपात आणू नका. स्पोक काढला की पुरावा गेला.

नोंद कशी ठेवावी याबाबत मी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताकडे बोट दाखवतो. वि. सी. सुकथनकरांनी आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती १९३३ मध्ये पुरी केली, सारे काम १९६६ मध्ये संपले, आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. वर संपादकाने निवडलेला पाठ, खाली नाकारलेलेही सारे पाठभेद आणि ते कोणत्या हस्तलिखितात आहेत याची खूण. आज चूक वाटणारा पाठ उद्याच्या अभ्यासकाला किल्ली वाटू शकतो, ही नम्रता त्या पानांच्या रचनेतच आहे. आपल्या कामाला तेवढी यंत्रणा लागत नाही. दोनशे पानी वही, दहापटीचे भिंग, कॅलिपर आणि सराफी वजनकाटा पुरतो. प्रत्येक गाडीचे वर्णन तळापासून वर करत जा : तळावरची अक्षरे जशीच्या तशी, तळ धातूचा की प्लॅस्टिकचा, रिव्हेट, आस, चाके, मग सांगाडा आणि शिवण, मग काचा आणि आसने, आणि रंग व छपाई सर्वांत शेवटी. रंगाचे नाव लिहिताना 'मोरपंखी', 'राणी', 'चिंतामणी' असे आपल्या साडीच्या दुकानातले शब्द खुशाल वापरा. ते परदेशी यादीतल्या 'फिकट निळा', 'गडद निळा' यांपेक्षा नेमके असतात. फक्त सोबत सकाळच्या उजेडातला फोटो ठेवा. गाडी ज्या घरातून आली त्या माणसांचे नाव वहीत असू द्या, पण छापताना गाव आणि पेठ एवढेच द्या.

विचारण्याचीही एक रीत आहे. "तुमच्याकडे जुनी डिंकी आहे का?" असे विचारले तर उत्तर नाही असेच येते. आजीला विचारावे, "आजी, तुमच्या पोरांच्या लहानपणीची लोखंडी मोटार कुठं ठेवली हो?" ती लोखंडाची नसते, पण घरोघरी तिला तेच म्हणतात. मग माळ्यावरची पेटी खाली येते. कोणत्या सालची, हे विचारू नका. कुणाला सांगता येत नाही. मोठा मुलगा तेव्हा कितवीत होता, घरात वीज आली होती का, गाडी आली त्या वर्षी घरात कुणाचे लग्न होते का, हे विचारा. त्यातून साल आपोआप निघते, आणि ते बहुधा दोनचार वर्षांच्या फरकाने खरे ठरते.

कुठून सुरुवात करावी असे विचाराल तर लिओपासून करा. त्या गाड्या अजून मिळतात, किंमत आवाक्यात आहे, आणि त्यांच्याशी खेळलेली माणसे आता चाळिशी-पन्नाशीत असल्यामुळे आठवणी ताज्या आहेत. एकच कास्टिंग निवडा आणि तिचे मिळतील तितके नमुने पाहा. पन्नास कास्टिंगची एकेक गाडी जमवण्यापेक्षा एका कास्टिंगच्या बारा गाड्या अधिक शिकवतात. हात बसला की निकीकडे वळा. तिथे काम कठीण आहे, नमुने थोडे आहेत, आणि ज्या घरांत ते आहेत ती घरे वेगाने पाडली जात आहेत. जुन्या शहरात विचारपूस करायची ती दसऱ्याच्या आत करावी; दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरच्या पेट्या थेट भंगाराच्या हातगाडीवर जातात, आणि तिथून गाडी परत मिळाली तरी घर कोणते होते ते कळत नाही.